टाके भाताने पिकत नाहीत : सोलापूरच्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रुग्णालयांचे संचालक यांस,

सविनय नमस्कार.

अशोक चौकाच्या मागे राहणाऱ्या एका बाईंनी गेले आठ महिने घरात भात शिजवलेला नाही. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं घर आहे. पानात अन्नम-पप्पू, म्हणजे भात-वरण, नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही, अशी माणसं. पण नवऱ्याच्या आतड्याच्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी टाके पिकले, जखम उकलली, पू वाहू लागला. आणि त्याच्या आदल्याच दिवशी या बाईंनी डब्यातून मऊ भात नेला होता. सासूबाई म्हणाल्या, भातानंच पिकलं. मग जाऊ म्हणाली, दीर म्हणाला, वॉर्डातल्या मावशींनी मान डोलावली. शेवटी बाई स्वतःच म्हणू लागल्या की हे माझ्या हातून झालं. आजही विड्या वळायला बसल्या की बोलता बोलता त्या तिथेच येऊन थांबतात.

मी त्यांच्या गल्लीत राहते. हे पत्र त्यांच्यामुळे लिहिते आहे, आणि तुम्हाला लिहिते आहे, कारण त्यांच्या मनावरचं ओझं खरं तर तुमच्या-माझ्या ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं आहे.

मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, शेवटची ११ वर्षं इन्चार्ज. तुमच्यातल्या कित्येकांना हाऊसमन असताना हात कसे धुवायचे, ग्लोव्ह्ज कसे चढवायचे ते मी दाखवलंय, आणि कित्येकांकडून मी शिकलेय. तुम्ही मागायच्या आधी हातात क्लॅम्प ठेवणारी ती मी. त्या नात्याने चार गोष्टी स्पष्ट बोलणार आहे. उणंदुणं काढायचा हेतू नाही, म्हणून कुठल्याही रुग्णालयाचं नाव या पत्रात येणार नाही.

त्या घरातला मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांसाठी त्याने केस पेपरच्या झेरॉक्स काढल्या होत्या. त्या घेऊन तो माझ्याकडे आला. ‘काकू, यात काय लिहिलंय ते सांगा.’ मी चष्मा लावला आणि सवयीने आधी वेळांचे रकाने पाहिले.

मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कॅन्सरची गाठ. तेवढा भाग काढून आतडं जोडलेलं. वॉर्डाच्या चार्टवर सकाळी ७ वाजता सेफाझोलिन १ ग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, ही दोन अँटिबायोटिक. भुलीच्या कागदावर चिरा दिल्याची वेळ ११.२०. आधीची केस लांबली होती. पोट बंद केलं ३.४० ला. सातनंतर टेबलवर अँटिबायोटिक दिल्याची नोंद कुठेही नाही. आणि मग ऑपरेशननंतर सहा दिवस सेफ्ट्रायॲक्सोन हे तिसरं अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ, एकही डोस न चुकता, प्रत्येक डोसपुढे सही.

बारा डोस अगदी वेळेवर. ज्या एका डोसवर भिस्त होती, तो चार तास वीस मिनिटं आधी, आणि तोही अर्धा. मोठ्या माणसाला सेफाझोलिन २ ग्रॅम द्यायचं असतं, वजन १२० किलोच्या वर असेल तर ३ ग्रॅम. ते रक्तात टिकतं तरी किती? दर दोन तासांना जवळपास निम्मं होतं. म्हणजे ब्लेड कातडीला लागलं तेव्हा मुळात अर्ध्या असलेल्या मात्रेचा जेमतेम पाव हिस्सा उरला असेल. मेट्रोनिडाझोल त्यापेक्षा बरंच जास्त टिकतं, ते सोडून देऊ. पण ते एकटं आतड्यातल्या ई. कोलाय या जंतूचं काही करू शकत नाही.

त्यांना पू झाला तो एवढ्यामुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. त्यांना साखर आहे, वर्षानुवर्षांचा तंबाखू आहे, ऑपरेशनच्या आधी वजन उतरलेलं होतं. सगळं वेळच्या वेळी करूनही काही जखमा पिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण भाताने पिकली नाही, हे मात्र शपथेवर सांगते.

तुम्हाला हे शास्त्र मी शिकवावं अशी माझी पायरी नाही. पण हे पत्र पेशंटचे नातेवाईकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. त्यातले बहुतेक प्राणवायूशिवाय जगणारे, बॅक्टेरॉइड्सच्या कुळातले. ई. कोलाय त्यांच्या मानाने मूठभर, पण उपद्रवाला कमी नाही. आतड्यात असेपर्यंत ही सगळी आपली घरची मंडळी. आतडं उघडलं की कितीही मॉप लावा, कितीही हलका हात ठेवा, थोडंफार बाहेर सांडतंच. दोन जातींचे जंतू म्हणून दोन औषधं, किंवा दोघांनाही पुरेल असं एक.

आणि ते चिऱ्याच्या आधीच का? चिरा दिला की कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, बारीक रक्तवाहिन्या बंद केल्या जातात, कडांवर रक्त साकळतं, त्या साकळलेल्या रक्तात आणि चरबीत जंतू दडून बसतात. मागाहून शिरेतून सोडलेलं औषध तिथे धड पोहोचत नाही. औषध जर आधीपासूनच त्या मांसात आणि चरबीत मुरलेलं असेल, तर जंतू पडल्या जागी गाठला जातो. बॉस्टनमध्ये जॉन बर्क नावाच्या सर्जनने १९६१ मध्ये गिनीपिगवर हे दाखवून दिलं. कातडीत जंतू टोचायच्या आधी औषध दिलं तर फोड जवळपास येतच नव्हता. तीन तास उलटल्यावर दिलं तर दिलं काय न दिलं काय, सारखंच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पाचव्या दिवशी जो पू दिसतो त्याचं बी ऑपरेशनच्या त्या दोन-तीन तासांत पडलेलं असतं. डबा नंतर येतो.

आतड्याच्या ऑपरेशनआधी अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत तोवरच्या चाचण्यांची बेरीज मांडली गेली, तेव्हा औषध न मिळालेल्यांत मृत्यू ११.२ टक्के आणि मिळालेल्यांत ४.५ टक्के निघाले. यापुढे तुलनेसाठीसुद्धा कुणाला औषधाविना ठेवू नये, असं त्या अभ्यासाने बजावलं. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१४ चा आढावा तर २६० चाचण्यांचा आणि ४३,४५१ पेशंटांचा आहे. औषधाशिवाय शंभरातल्या ३९ जखमा पिकायच्या, औषधाने त्या १३ वर आल्या. माझ्या उमेदवारीच्या काळातले जुने सर्जन म्हणायचे, ‘कोलनची केस म्हणजे पू धरूनच चालायचं.’ ते का म्हणायचे ते या आकड्यांवरून कळतं. आणि आता तसं का म्हणू नये तेही.

म्हणजे औषधावर एकमत आहे. गाडी अडते ती घड्याळापाशी.

आता माझी कबुली. वॉर्डात सकाळी सहा-सातला ‘प्रि-ऑप अँटिबायोटिक’ देऊन टाकायची पद्धत मी स्वतः कितीतरी वर्षं पाळली. रात्रपाळीची सिस्टर आठला सुटते. त्याआधी लिस्टमधल्या सगळ्या पेशंटांची तयारी तिच्या एकटीच्या डोक्यावर : एनिमा, गाऊन, मंगळसूत्र-जोडवी उतरवणं, संमतिपत्रावरचा अंगठा, बांगड्या निघत नसतील तर साबणाचा फेस. त्या धांदलीत इंजेक्शनही उरकलं जातं. तिची चूक नसते. लिस्टवर केसपुढे ‘९ वाजता’ असं लिहिलेलं असतं. पण नऊची केस नऊला लागते का? पहिल्या पेशंटचं आतडं चिकटलेलं निघतं, ऑटोक्लेव्हचा ड्रम उशिरा येतो, मधेच सिझेरियन घुसतं. भूलतज्ज्ञ सकाळी होटगी रोडच्या रुग्णालयात, दुपारी विजापूर रोडच्या, संध्याकाळी तिसरीकडे, अशी त्यांची पळापळ. यात कुणाचाच आळस नाही. पण सातला टोचलेलं औषध मात्र कुणासाठी थांबत नाही.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९२ मध्ये २,८४७ पेशंटांचा हिशेब केला गेला. निरनिराळी ऑपरेशनं होती, फक्त आतड्याची नव्हती. चिऱ्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालं त्यांच्यात जखम पिकण्याचं प्रमाण ०.६ टक्के. चिऱ्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालं त्यांच्यात ३.३ टक्के. आणि दोन तासांहूनही आधीच मिळालं त्यांच्यात ३.८ टक्के. हा शेवटचा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. उशिरा दिलेलं वाया जातं हे माहीत होतं. फार लवकर दिलेलंही तितकंच वाया जातं, हे मला नोकरीची वीस वर्षं होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात चिऱ्याआधीची १२० मिनिटं ही बाहेरची मर्यादा सांगितली, आणि लवकर उतरणारं औषध असेल तर चिऱ्याच्या अधिक जवळ द्या असं म्हटलं. ऑपरेशनच्या वेळी ओटीत वाचायच्या सेफ्टी चेकलिस्टवर तर सरळ ६० मिनिटं लिहिलेलं आहे. व्हँकोमायसिनसारखं औषध सावकाश सोडावं लागतं, त्याचं वेळापत्रक वेगळं. पण आपल्याकडच्या रोजच्या औषधांसाठी तासाचा हिशेब पुरतो. आणि ऑपरेशन लांबलं तर सेफाझोलिन चार तासांनी पुन्हा. रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेला तर त्याआधीही. दुसरा डोस हा प्रकार मी अख्ख्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिला. सगळ्यांचं लक्ष पोटात असतं, भिंतीवरच्या घड्याळाकडे कोण पाहणार?

टेस्ट डोसबद्दलही बोलायला हवं. कातडीत थेंबभर टोचून रिॲक्शन बघायची आपली पद्धत. वॉर्डाच्या कागदावर ‘दिलं’ अशी खूण होते, ती कधी कधी नुसत्या त्या थेंबाची असते. ओटीत सगळे धरून चालतात की पूर्ण डोस गेला. मी असं दोनदा पकडलं. दोनदा पकडलं म्हणजे किती वेळा सुटलं असेल, हा हिशेब मला निवृत्तीनंतर झोपू देत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी. हे इंजेक्शन वॉर्डातून काढून घ्या. व्हायल पेशंटच्या फाइलबरोबर ओटीत यावी आणि आयव्ही लाइन तपासल्यावर, भूल द्यायच्या आधी, भूलतज्ज्ञांनी स्वतःच्या हाताने ती द्यावी. दिल्याची वेळ भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डवर लिहावी, आणि खाली दुसऱ्या डोसची वेळही तेव्हाच लिहून ठेवावी. काम एकाच माणसाच्या नावावर असलं की होतं. ‘वॉर्डात दिलं असेल’, ‘ओटीत देतील’ या दोन वाक्यांच्या फटीतून आजवर किती पेशंट खाली पडले ते मोजायला आपल्याकडे वहीसुद्धा नाही.

दुसरी मागणी मागताना मला जरा धीर गोळा करावा लागतो आहे. माझ्या हाताखाली नवी आलेली एक सिस्टर होती, हुशार, नेटकी. एका आतड्याच्या केसला तिने ब्लेड द्यायच्या आधी विचारलं, ‘सर, अँटिबायोटिक किती वाजता गेलं?’ सर चिडले. म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा.’ ओटीत एकदम शांतता झाली. तिने ब्लेड दिलं. त्यानंतर तिने कधीही, कुणालाही हा प्रश्न विचारला नाही. मी इन्चार्ज होते, तिथेच उभी होते, आणि मीही गप्प राहिले. ते सर वाईट माणूस नव्हते. रात्री दोनला पर्फोरेशनच्या, म्हणजे आतडं फुटलेल्या पेशंटसाठी स्वतःच्या गाडीतून रक्ताच्या बाटल्या आणणारे सर होते. पण त्या एका वाक्याने आमच्या ओटीतला एक प्रश्न कायमचा बंद झाला.

तो प्रश्न पुन्हा उघडा. स्क्रब सिस्टरने ब्लेड हातात देण्याआधी वेळ विचारायची आणि वेळ कळल्याशिवाय ब्लेड द्यायचं नाही, असा नियम तुम्हीच, तुमच्या तोंडाने, तुमच्या ओटीत जाहीर करा. ‘दिलंय’ हे उत्तर चालणार नाही. ‘आठ पंचावन्न’ हे उत्तर. आम्ही केलेल्या नियमाला तुमच्यापुढे वजन नसतं. तुम्ही केला तर उद्या रुजू होणारी पोरगीही न घाबरता विचारेल. चेकलिस्ट तर २००९ पासून जगभर आहे. ज्या आठ रुग्णालयांत ती आधी वापरून पाहिली त्यांत आपल्या दिल्लीचंही एक होतं. मोठे कॉम्प्लिकेशन ११ टक्क्यांवरून ७ वर आले, मृत्यू १.५ वरून ०.८ वर. पण तिथे ती मोठ्याने वाचली जायची. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती दिवस संपल्यावर, चहा घेता घेता, एकदम पाच पेशंटांची भरली जाते. मी भरली आहे.

पोटातून द्यायच्या गोळ्यांबद्दल थोडंसं. आदल्या दिवशी पेगची पावडर पिऊन पोट साफ करणं आपल्याकडे सर्रास आहे. पण नुसतं पोट साफ केल्याने जखमा कमी पिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साफ करायचंच तर सोबत तोंडावाटे अँटिबायोटिक द्या, नुसतं नको. कल्पना नवी नाही. निकोल्स आणि कॉन्डन यांनी १९७३ मध्येच निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आदल्या दिवशी देऊन दाखवल्या होत्या. फ्रान्समध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशनच्या बारा तास आधी ऑर्निडाझोलचा एक ग्रॅम दिला, शिवाय नेहमीचं इंजेक्शन. जखम पिकण्याचं प्रमाण २२ टक्क्यांवरून १३ वर आलं. ऑर्निडाझोल आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. फिनलंडमध्ये २०१९ च्या एका चाचणीत पोट साफ करणं आणि गोळ्या दोन्ही मिळून काही फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. निर्णय तुमचा आहे. मला एवढंच वाटतं की एनिमा आणि पेग द्यायचं पण गोळीचा विचारही करायचा नाही, ही मधली वाट तरी सोडावी.

आता त्या सहा दिवसांच्या बारा डोसांकडे येते.

पोटात आधीच पू होता, आतडं फुटलेलं होतं, मळ सांडलेला होता, तर गोष्ट वेगळी. तो उपचार आहे, तो काही दिवस चालणारच. पण ठरवून केलेल्या, नीट पार पडलेल्या ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस सेफ्ट्रायॲक्सोन कशासाठी? ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधाचं अँटिबायोटिक पुढे चालवू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून लिहून ठेवलेलं आहे. मला कारण ठाऊक आहे, कारण मी तुमच्याबरोबर राउंड घेतले आहेत. भीती वाटते. उद्या ताप आला तर नातेवाईक विचारतील, ‘डॉक्टर, साधं अँटिबायोटिकसुद्धा दिलं नाही?’ बंद करायला धाडस लागतं आणि चालू ठेवायला फक्त सही. पण त्या सहीची किंमत पेशंट मोजतो : मूत्रपिंडावर ताण, जुलाब, आणि आतड्यात उरलेले निबर जंतू. पुढे आतड्याच्या जोडातून खरंच लीक झाला तर तेच निबर जंतू समोर येतात आणि मग महागडी औषधं काढावी लागतात. २०१८ मध्ये ६६ देशांतल्या १२,५३९ पोटाच्या ऑपरेशनांचा अभ्यास झाला. श्रीमंत देशांत शंभरातल्या ९.४ जखमा पिकल्या, मधल्या देशांत १४, गरीब देशांत २३.२. ज्यांच्या जखमेतले जंतू तपासले गेले, त्यांतल्या पाचातल्या एकाचे जंतू आधी दिलेल्या औषधाला दाद देत नव्हते.

कुणी म्हणेल, सेफ्ट्रायॲक्सोन रक्तात जास्त टिकतं, मग वेळेची एवढी ओढाताण तरी वाचते. टिकतं, खरं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते जपून वापरायच्या ‘वॉच’ गटातलं औषध आहे, सेफाझोलिन नेहमीच्या ‘ॲक्सेस’ गटातलं. वेळ पाळता येत नाही म्हणून मोठं हत्यार उपसायचं, हे मला पटत नाही. वेळ पाळू या.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत, नुसत्या आठवण म्हणून लिहिते. आदल्या संध्याकाळी वॉर्डात वस्तऱ्याने पोट तासडायची पद्धत बंद व्हायला हवी. केस आड येत असतील तर क्लिपरने, ओटीत यायच्या सुमारास. कातडीला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन. टेबलवर पेशंट गारठू देऊ नका. बाहेर मे महिन्याचा ४३ अंशांचा सोलापूर असला तरी आत एसीत उघड्या पोटाचा माणूस थंडच पडतो. आणि साखर बघा.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. आपल्या सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेला सर्जन, १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख होते, त्याला नॉर्मन बेथून या कॅनडाच्या सर्जनचं नाव होतं. हे बेथून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. कशाने? जखमी सैनिकाचं ऑपरेशन करताना बोट कापलं, आणि त्या बोटातून सगळ्या रक्तात जंतू पसरले. पेनिसिलिन तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं. निवृत्तीनंतर मी दर ९ डिसेंबरला, कोटणीसांच्या पुण्यतिथीला, तिथे जाऊन येते. दरवेळी हेच मनात येतं की त्या माणसांना एक व्हायल मिळाली असती तर त्यांनी घड्याळ हातात धरून ती दिली असती.

राहिली शेवटची मागणी, वहीची. आपल्यापैकी प्रत्येकाला वाटतं की माझ्याकडे जखमा पिकत नाहीत. मलाही वाटायचं. पण व्याख्येप्रमाणे ऑपरेशननंतर ३० दिवस मोजायचे असतात, आणि पेशंट सातव्या दिवशी घरी जातो. तो असतो बार्शीचा, मंगळवेढ्याचा, अक्कलकोटचा, नाहीतर धाराशिव किंवा कलबुर्गीकडचा. नवव्या दिवशी जखम ओली झाली की एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवून तो सोलापूरला परत येत नाही. गावातल्या डॉक्टरकडे रोज ड्रेसिंग करतो. तुमच्या फाइलमध्ये मात्र ‘जखम चांगली’ असं लिहून डिस्चार्ज झालेला असतो. तिसाव्या दिवशी एक फोन करायला लावा, कुठल्याही सिस्टरला किंवा रिसेप्शनवरच्या मुलीला. तीनच प्रश्न : जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप आला का, टाके उघडावे लागले का. उत्तर वहीत, आणि त्याच ओळीत इंजेक्शनची वेळ आणि चिऱ्याची वेळ. वर्षभराने त्या वह्या घेऊन आयएमएच्या, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या सभागृहात बसा. नावं झाका, आकडे उघडे ठेवा. मला बोलावलंत तर मागच्या रांगेत येऊन बसेन. वह्या आखून द्यायचं काम लागलं तर तेही करीन, माझं अक्षर अजून चांगलं आहे.

त्या घराला काय पडलं तेही ऐका. तो माणूस एकूण २३ दिवस रुग्णालयात होता. ऑपरेशनचा खर्च योजनेत गेला, पण योजना बुडालेल्या मजुरीचा पैसा देत नाही. बाईंना विडीचे पैसे हजारामागे मिळतात. तेवीस दिवस त्या कॉटशेजारी बसून होत्या म्हणजे तेवीस दिवस शून्य. मुलाचा कारखान्यातला खाडा वेगळा. जखम भरून यायला पुढे दोन महिने गेले, आणि केमोथेरपी त्या जखमेसाठी थांबून राहिली.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. झेरॉक्स परत द्यायच्या होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, जंतू कुठले, औषध कधी द्यायचं असतं, भाताचा काही संबंध नाही. त्या हातातलं पान खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘अक्का, तुम्ही सांगता ते मला पटतंय. पण अत्त्या (सासूबाई) माझं ऐकायच्या नाहीत आणि तुमचंही नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तर ऐकतील.’

येत्या गुरुवारी ते फॉलो-अपला येणार आहेत. सासूबाई सोबत असतील, काठी घेतलेल्या, हिरव्या इरकली लुगड्यात. ज्यांच्या ओपीडीत ते येतील त्या सरांनी हे पत्र वाचलं असेल, तर जखम बघून झाल्यावर वळून सासूबाईंकडे बघा आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, की भात चालतो, पहिल्या दिवसापासून चालत होता.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
सोलापूर